धागा नसलेली वस्तू

होटगी रोडच्या दुकानात विक्रेता म्हणाला,
"एक डाग दाखवा मॅडम, पैसे परत."
रेवप्पानं चष्मा कपाळावर चढवला
आणि नेमका तोच सोफा नाकारला.
डाग नाही म्हणजे वरून रंग थापलाय.
भुगा डिंकात कालवून कापडावर लाटलाय,
दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटतील,
पोरांच्या चड्डीला चिकटून शाळेत जातील.

अशोक चौकात तीस वर्षं चपला शिवणारा माणूस,
मी रिक्षाचं भाडं देऊन आणलेला.
प्रत्येक सोफ्यावर अंगठा दाबत फिरला.
गादीची चेन उघडून आतली लव चाचपली,
वास घेतला,
मग बसला, पाय लांब करून, डोळे मिटून,
जणू दुकान त्याच्या सासऱ्याचं.

एका ठिकाणी अंगठ्याभोवती
बारीक सुरकुत्या धावल्या.
"हे बघा वैनी. दचकलं. हे खरं."
तपकिरी, तिघांपुरता,
हाताच्या टेकणावर वीतभर पांढरट ओरखडा.
"काटेरी तारेचा. दुसऱ्याच्या कडवळात शिरलं असणार.
द्वाड होतं. हेच घ्या."
ओरखड्याचे दोन हजार कमी झाले.

साखर पेठेतलं आमचं घर सुताचं.
पडदे, उशा, पायपुसणी,
सगळं कुठल्या ना कुठल्या मागावरून उतरलेलं.
सासरे, नरसय्या यमूल,
एकेचाळीस वर्षं टॉवेलच्या मागावर,
डावा कान त्या खटखटीतच राहिलेला.
नव्या सोफ्यावर बोटांनी ताणा शोधत होते,
मग बाणा.
"उभा नाही, आडवा नाही. हे उसवणार कुठून?"
"उसवत नाही," रेवप्पा म्हणाला, "चिरतं."

मग फरशीवर उकिडवं बसून त्यानं सांगितलं:
खोबरेल लावू नका, तुम्ही सगळ्यालाच खोबरेल लावता.
पश्चिमेच्या खिडकीपासून दोन हात लांब.
नळाला पाणी आलं म्हणून हुरूप येऊन
याच्यावर बादली ओतू नका,
फडकं पिळून पिळून, जवळजवळ कोरडं.
मलम गड्डा उठला की एकदा, दसऱ्याला एकदा.
आणि डोक्याच्या तेलाचं काय करायचं
ते ह्या मालकांना विचारा.

आत सासूबाईंचा हात फडताळाशी थांबला होता:
कप, की बाजूला ठेवलेला स्टीलचा पेला.
अर्धा मिनिट.
मीही काही बोलले नाही, तेही नोंदवून ठेवते.

"कूर्चो," सासरे म्हणाले.
बस, असा हुकूम ते तेलुगूतच देतात.
"इरली बिडी," राहू द्या, रेवप्पा कानडीतून.
दोघांनाही एकमेकांचं नीट कळलं होतं.
न समजल्याचं सोंग सोलापुरात फार वेळ टिकत नाही.
मग सासऱ्यांनी मराठी काढलं,
बहिऱ्या माणसाच्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं:
"निवडलास तू. पहिला दाब तुझा."

तो बसला. कडेला, ओरखड्याच्या बाजूला,
दुकानात बसला होता तसा नाही.
चहा आला. कपांत. तीनही सारखे.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला
आणि सोफा मांड्यांना धरून ठेवू लागला,
उठताना चर्र.
सासूबाईंनी मोरांची चादर काढून अंथरली.
निगा म्हणजे झाकणं, असं त्यांचं मत.
रात्री मी ती काढते, घडी घालते,
सकाळी मोर पुन्हा जागेवर.

रेवप्पा त्यानंतर एकदाच आला,
मागचा टाका सुटला तेव्हा.
पुन्हा फरशीवरच बसला.
"काम खाली बसूनच होतं, वैनी."
खरंही असेल. मी विचारलं नाही.
तो दोरा मेणावरून ओढत होता,
आणि माझी धाकटी त्या ओरखड्यावर बोट फिरवत
विचारत होती,
मग त्याला कडवळ मिळालं का?
"मिळालं असणार," रेवप्पा म्हणाला,
दातांत दोरा धरून.